तूर कळली असेल तर स्प्रूसही कळेल

वनशास्त्र शिकायला स्वीडनकडे निघालेली परभणी-लातूरची पोरं हमखास विचारतात, "दादा, बर्फातल्या झाडांचं आपल्याला काय कळणार?" मी तुरीच्या शेतातून उत्तर स्वीडनमधल्या उमेओला गेलो आणि स्प्रूस या सुयांसारख्या पानांच्या झाडाच्या रोपांवर काम केलं. कळतं.

पेरणी लांबली की तूर बुटकी राहते, तरी दिवस लहान झाले की फुलावर येतेच. नॉर्वे स्प्रूसही असंच रात्र मोजतं. रात्र ठराविक लांबीपलीकडे गेली की शेंडा थांबतो आणि टोकाला तपकिरी खवल्यांचा डोळा धरतो, तोही कडक थंडी पडायच्या आधी. आपलं मराठवाडी डोकं मात्र म्हणतं, झाड थांबलं म्हणजे पाणी तुटलं. पाण्याचा ताण तिथंही डोळा धरायला लावतो, पण मुख्य इशारा रात्रीचा.

रोपवाटिकेत हे मुद्दाम घडवतात. जूनमध्ये उमेओत दिवस वीस तासांहून मोठा (परभणीत जेमतेम सव्वातेरा). अशा उन्हाळ्यात रोपांवर काळा पडदा ओढून काही आठवडे रात्र लांबवायची. वाढ थांबते, रोप गारठ्याला तयार होतं. घाई मात्र अंगाशी येते: पडदा फार लवकर ओढला, तर त्याच हंगामात डोळा पुन्हा फुटतो आणि कोवळी फूट हिमानं करपते.

मला सगळ्यात आवडलेला भाग बाहेरून दिसतच नाही. डोळा मिटल्यावरही आत कित्येक आठवडे पुढच्या वर्षीच्या सुया इवल्या गाठींच्या रूपात रचल्या जातात. पुढची फूट किती लांब होणार, हे बरंचसं तिथंच ठरतं. त्या मोजायला डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. हात बसायला वेळ लागतो, म्हणून जाण्याआधी घरीच ब्लेडनं आंब्याचे डोळे चिरून बघा.

पुढे शून्याच्या जरा वरची थंडी पुरेशी साचल्याशिवाय डोळा नीट उघडत नाही. ती साचली की मग ऊब मिळेल तसा फुटतो.

कुठलेही आकडे हातात आले की आधी बियाणं कुठलं ते विचारा. उत्तरेकडच्या बियाण्याची रोपं लवकर थांबतात. हे न बघता केलेली तुलना फुकट.

पदवीसाठी महाराष्ट्रात दापोली आणि अकोल्याला वनशास्त्र आहे. सांख्यिकी मात्र इथूनच पक्की करून जा.