जर्मन शिकताना मराठी हाताशी ठेवा

आपल्याकडे जर्मन बहुधा इंग्रजीच्या दारातून शिकवली जाते. त्यात आपलं नुकसान होतं. इंग्रजी बोलणारे तीन लिंगांचा आणि विभक्तींचा बाऊ करतात, पण या गोष्टी आपण बोबडं बोलू लागल्यापासून वापरतो.

पायरी १ : पहिला आठवडा उच्चारांचा
झेड म्हणजे ‘चाक’मधला च, ‘चार’मधला नव्हे. डब्ल्यूचा उच्चार व, व्हीचा बहुधा फ. यूवर दोन टिंबं असतील तर ओठ ‘ऊ’सारखे गोल करा आणि ते न हलवता ‘ई’ म्हणा. ‘इश’ (मी) या शब्दात खरा ‘श’ नाही. ‘य’ म्हणायला जीभ उचला आणि नुसती हवा सोडा. शब्दाच्या शेवटी ग, ब, ड कडक होतात, म्हणून ‘टाग’ (दिवस) ‘टाक’ ऐकू येतो.

पायरी २ : लिंगाशिवाय नाम लिहू नका
रोज आठ-दहा नामं पुरे. प्रत्येकाच्या आधी डेअर (पु.), डी (स्त्री.) किंवा दास (नपुं.) आणि नंतर अनेकवचन लिहा. तीन लिंगांना तीन शाया वापरा. मराठी लिंग मात्र तिकडे नेऊ नका: जर्मनमध्ये चमचा डेअर, काटा डी आणि सुरी दास. शेवट पाहिला तर काम हलकं होतं. उंग, हाइट, काइट, शाफ्ट यांनी संपणारी नामं डी, लहानपण दाखवणारा ‘शेन’ लागला की दास. म्हणूनच ‘मेटशेन’ (मुलगी) नपुंसकलिंगी. आपलं ‘पोरगं’ आठवलं की यात नवल उरत नाही.

पायरी ३ : आकडे आणि घड्याळ
२५ म्हणजे ‘फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश’, पाच-आणि-वीस. पंचवीसमध्येही पाच आधीच येतात. ‘हाल्प ड्राय’ला मात्र हमखास घोटाळा होतो. ड्राय म्हणजे तीन, म्हणून लोक साडेतीनला पोहोचतात. खरी वेळ अडीच: तिसरा तास अर्धा झाला. आपला ‘अडीच’सुद्धा संस्कृत ‘अर्धतृतीय’पासूनच आलेला आहे.

पायरी ४ : क्रियापदाची जागा
साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागी: ‘हॉइटं लेर्नं इश डॉइच’, शब्दशः ‘आज शिकतो मी जर्मन’. मराठी सवयीने ते शेवटी ढकलाल तर चूक. पण ‘वाइल’ (कारण) किंवा ‘दास’ (की) आलं, की गौण वाक्यात क्रियापद थेट शेवटी जातं. इथे इंग्रजीतून शिकणारे अडखळतात, आपण घरी असतो. (हा ‘दास’ वेगळा, त्यात एक एस जास्त.)

पायरी ५ : ‘ला’ दोन ठिकाणी फुटतो
‘मला आवडतं’ आणि ‘मला थंडी वाजते’ ही वाक्यं जर्मनमध्येही ‘मला’नेच, म्हणजे ‘मिअर’ने होतात. ‘इश बिन काल्ट’ म्हटलंत तर ऐकणारा तुम्हाला थंड स्वभावाचा समजेल. अडचण अशी, की मराठीत ‘माणसाला पाहतो’ आणि ‘माणसाला देतो’ या दोन्हींत ‘ला’ एकच, जर्मनमध्ये मात्र पहिल्यात ‘डेन मान’ आणि दुसऱ्यात ‘डेम मान’ (डेन, डेम ही ‘डेअर’चीच रूपं). ज्याला काही मिळतं त्याला डेम, एवढी खूण सुरुवातीला चालते. हेल्फेन (मदत करणे), डांकेन (आभार मानणे), गेफालेन (आवडणे) यांनाही डेमच लागतो. त्यांची यादी वेगळी ठेवून पाठ करावी.

पायरी ६ : ऐकण्यासाठी काय निवडायचं
वर्गातली जर्मन म्हणजे ‘होखडॉइच’. ‘होख’ म्हणजे उंच, पण ती प्रतिष्ठेची उंची नव्हे, दक्षिणेकडच्या डोंगराळ प्रदेशाची. १५२२ साली नवा करार आणि १५३४ साली संपूर्ण बायबल भाषांतरित करताना धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने सॅक्सनी या जर्मन प्रांताच्या दरबारी लिखाणाची भाषा पायाला घेतली, आणि प्रमाण जर्मन घडण्यात त्याचा मोठा वाटा आहे. बोलीभाषा अजून जिवंत आहेत: म्युनिकला नमस्कार म्हणून ‘ग्र्यूस गॉट’ कानावर पडेल, हांबुर्गला ‘मॉइन’. म्हणून पहिले सहा महिने बातम्या ऐका, त्यांत बोली कमी येते. स्वित्झर्लंडचे कार्यक्रम नंतरसाठी ठेवा, नाहीतर शिकलेलं सगळं चुकीचं होतं असं वाटू लागेल.