लाठी फिरवायची घाई करू नका

नवीन आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, फिरवायला कधी शिकवणार?" गणपतीच्या मिरवणुकीत कुणीतरी सूं सूं करत लाठी फिरवताना बघितलेलं असतं, डोक्यात तेच. मी म्हणते, महिनाभर नाही. निम्मे लोक तिथेच गळतात.

मी स्वतः ४१व्या वर्षी आले. मुलाला तालमीत सोडायला यायचे आणि कट्ट्यावर बसून मेथी निवडायचे. एके दिवशी वस्ताद म्हणाले, "बसून काय करताय, या आत." बडोद्याच्या मराठी घरात वाढलेल्या बाईला तालीम अनोळखी नसते. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर सगळ्यांनाच ठाऊक. जुम्मादादांचे शिष्य प्रो. माणिकराव तिथे कुस्ती, मल्लखांब आणि लाठीही शिकवत आणि मोडलेली, निखळलेली हाडं बसवण्यातही त्यांचा हात प्रसिद्ध होता. मला ही जोडी फार पटते. पाडायला शिकवणाऱ्याला पडल्यावर काय होतं, हे माहीत हवंच. आमची तालीम त्यापुढे अगदी छोटी: कुस्तीच्या मातीचा एक हौद, एक जुनी मॅट आणि फरशीचं अंगण. लाठी आणि कुस्ती दोन्ही इथेच शिकवतो.

तर पहिला आठवडा पडण्याचा. हनुवटी छातीला लावा, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठीवर सरळ पडू नका, कुशीवर वळा. आणि हात टेकून स्वतःला सावरायला जाऊ नका. आपण घरात घसरलो की नेमकं हेच करतो आणि मनगट मोडून घेतो. आधी उकिडवं बसून पडायचं, मग अर्धं वाकून, मग उभ्याने. शंभरदा पडून झालं की भीती जाते. भीती गेली नाही तर माणूस कुस्तीत समोरच्याच्या गळ्याला लटकतो आणि दोघेही वेडेवाकडे कोसळतात.

मग पवित्रा. इथे मी मुद्दाम रेंगाळते. फरशीवर खडूने दोन समांतर रेघा ओढा, खांद्याइतक्या अंतरावर. डावा पाय डाव्या रेघेवर पुढे, बोटं समोर. उजवा उजव्या रेघेवर मागे, थोडा आडवा. गुडघे सैल. आता पुढे जायचं तर आधी पुढचा पाय, मागे यायचं तर आधी मागचा. पायात पाय कधीच येता कामा नये, आणि दोन्ही पाय एका रेघेवरही नकोत. जोडीदाराला सांगा, मध्येच खांद्याला धक्का दे. हललात तर पाय जवळ आले होते, इतकं सोपं आहे. ज्यांच्या घरी अजून पाटा-वरवंटा आहे त्यांना मी सांगते, वाटताना जोर मनगटातून येत नाही, कमरेतून येतो. लाठीचा वारही तसाच. हाच पवित्रा जरा खाली बसवला की कुस्तीतल्या खडाखडीचा, म्हणजे पकड घेण्याआधी एकमेकांना अजमावण्याचा, पवित्रा होतो. दोन वेगळ्या विद्या नाहीत त्या.

लाठी निवडताना मी एकदा चुकले होते. स्वस्तात मिळाली म्हणून पोकळ, सुकलेली घेतली. तिसऱ्या दिवशी पेरापाशी फाटली आणि कूस तळहातात घुसली. घरी सुईने काढता काढता सासूबाईंनी दोन शब्द ऐकवले ते वेगळेच. तेव्हा भरीव बांबू घ्या, उभा धरला तर कानापर्यंत येईल एवढा, मुठीत धरल्यावर अंगठा आणि मधलं बोट जेमतेम भेटेल एवढा जाड. पेरं पॉलिश पेपरने घासा, जवसाचं तेल चोळून दोन दिवस सावलीत ठेवा. जोडीने वार-रोख, म्हणजे एकाने मारायचं आणि दुसऱ्याने अडवायचं, असे करायचे असतील तर मात्र वेताची छडी बरी. वेत मार खाऊन पिंजतो, बांबूसारखा फुटून टोचत नाही.

वार आम्ही पाच शिकवतो: शिर, तमाचा, बाहेरा, कमर, पालट. शिर म्हणजे डोक्यावर, तमाचा एका गालावर, बाहेरा दुसऱ्या, कमर समजलीच, पालट पायावर. आधी हवेत, आकड्यावर. मग जोडीने. वार करणाऱ्याने मोठ्याने नाव घ्यायचं, समोरच्याने अडवायचं. नाव न घेता मारलं तर माझ्याकडे वीस बैठका. "बस" म्हटलं की हात जिथे असतील तिथे थांबले पाहिजेत. याला अपवाद नाही, माझ्या मुलालाही नाही.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. समोरच्याने तुमची लाठीच धरली तर? नव्वद टक्के लोक ओढतात. मग जो वजनदार तो जिंकतो, आणि माझं वजन ५२ किलो. म्हणून ओढायचं नाही. त्याने लाठी मधोमध दोन्ही हातांनी धरली आहे, तुमचे हात बाहेरून आहेत. एक पाऊल आत या, एवढं आत की त्याच्या श्वासाचा वास येईल. लाठीचं एक टोक त्याच्या हातावरून वर्तुळात पलीकडे न्या आणि खाली दाबा. मूठ सगळ्यात कच्ची असते ती अंगठ्यापाशी. मनगट पिळलं की तिथून सुटते. नाही सुटली तरी हरकत नाही, तुम्ही त्याच्या छातीशी पोचलाच आहात, कंबर त्याच्या कमरेखाली गेली आहे. सोडा लाठी आणि टांग मारा, म्हणजे पाय आडवा घालून पाडा. लाठी संपली, कुस्ती सुरू. हे मात्र मॅटवर करा, फरशीवर नको. आणि लाठी बाजूला फेकून द्या. तिच्यावर पडलात तर बरगडी जाते.

हौदाबद्दल थोडं. आपल्याकडची काळी माती चालत नाही, वाळली की ढेकळं होतात. तांबडी माती चाळून, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवतात. रोज खोऱ्याने उकरणं हाच पहिला व्यायाम. पोरांना वाटतं गडीकाम करून घेतात. जोर-बैठकांपेक्षा खांदे तिथेच तयार होतात, हे त्यांना दिवाळीपर्यंत कळतं. नखं कापलेली हवीत. ज्याच्या अंगावर गजकर्ण दिसेल त्याला मी हौदात आणि मॅटवर दोन्हीकडे बंदी करते, बरं होईपर्यंत. पंचा आपला आपण आणायचा. कान सुजला, मऊ फुगा आला तर मिरवायचं नाही. आत रक्त साचतं आणि ते तसंच राहिलं तर कान कायमचा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा होतो. दोन दिवसांत डॉक्टर गाठा.

पालक विचारतात, सर्टिफिकेट मिळेल का? मल्लखांब आणि पंजाबचा गतका, म्हणजे तिथला काठीचा खेळ, खेलो इंडियात आले तेव्हापासून हा प्रश्न वाढला आहे. आमच्याकडे कागद मिळत नाही. तांबडी माती लागलेले कपडे मात्र रोज मिळतील. ते वेगळे भिजवा, नाहीतर पांढरे युनिफॉर्म गुलाबी होतात.

आणि लाठी भिंतीला टेकवून ठेवू नका, वाकते. पलंगाखाली आडवी ठेवा.