पाण्यात सुरावर लागणारा पाइप कसा करायचा

पैठणला माझं लेथचं वर्कशॉप आहे. मोटारीचे शाफ्ट, बोअरचे पाइप हे रोजचं काम. एकदा कॉलेजची पोरं आली, "काका, पाण्याखाली वाजेल आणि सूर बदलता येईल असा पाइप करून द्या." तिथून हा नाद लागला.

पहिलं सांगतो, पीव्हीसी घेऊ नका. आम्ही बोअरमध्ये घालतात तो पीव्हीसीचा सहा इंची केसिंग पाइप मीटरभर कापला. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मीटर. दोन्ही तोंडं उघडी असली की पाइपात अर्धी लाट बसते, म्हणून तोंडाबाहेरचं थोडं पाणी धरून हिशोबाने पावणेसातशे हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, यायला हवे होते. आले दीडशेच्या आसपास! दोन दिवस डोकं धरून बसलो. बासरीतली हवा मऊ असते, तिला बांबूची भिंतही पुरते. पाणी मात्र सहज दबत नाही, त्याच्या दाबाने प्लास्टिकच फुगतं आणि आतला वेग पडतो.

हिशोब असा. पाण्याचा ताठपणा २.२ गिगापास्कल, स्टीलचा २००, पीव्हीसीचा ३ च्या आसपास. पाण्याच्या ताठपणाला आतल्या व्यासाने गुणा, भिंतीचा ताठपणा गुणिले जाडी याने भागा, त्यात १ मिळवून वर्गमूळ काढा. १,४८० ला त्या आकड्याने भागलं की पाइपातला वेग. १५८ मिलिमीटर व्यास, ५ मिलिमीटर जाडीच्या स्टीलला तो १,२७५ येतो. तोंडाबाहेरचं पाणीही सोबत हलतं, म्हणून दर टोकाला त्रिज्येच्या ०.६ पट लांबी जास्त धरा. मीटरभर पाइप मग ५८० ला वाजतो.

सूर बदलायला दोन्ही टोकांवर बाहेरून सरकणारी बाही बसवा. दोन्ही बाजूंनी १५ सेंटिमीटर बाहेर काढली की सूर ४५५ पर्यंत उतरतो. फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवा. बाह्या सारख्याच सरकल्या पाहिजेत, म्हणून मी एकाच रॉडवर एकीकडे उजवे, दुसरीकडे डावे आटे पाडतो. २ मिलिमीटरच्या आट्यांत एका फेऱ्याला सूर साधारण दोन हर्ट्झ सरकतो. हे काम हाताला फार गोड लागतं.

आवाज काढणारा भाग बरोबर मधोमध, कारण दाब तिथेच सर्वांत जास्त. दोन पायझो डिस्क (वीज दिली की थरथरणाऱ्या चकत्या) पाठीला पाठ लावून एपॉक्सीत पक्क्या बुजवा. १२ व्होल्टच्या बॅटरीवरचा अॅम्प्लिफायर वापरा, घरातली लाइन पाण्याजवळ नेऊच नका.

विहिरीत चाचणी फसते, कडेचे पडसाद येतात. आम्ही परवानगी काढून नाथसागरात भोयांच्या नावेतून जातो. तिथं पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) उतरतात, तेव्हा जात नाही. पाइप तिरका बुडवा, हवा पूर्ण निघू द्या. हजारात एक भाग बारीक बुडबुडे राहिले तरी वेग एक तृतीयांशाच्या खाली येतो. मग तीन मीटर खोल सोडा. आवाज टिपायला दुसरी एपॉक्सीत बुजवलेली डिस्क थोडी लांब टांगून फोनला जोडा आणि ३०० पासून ९०० पर्यंत सूर सावकाश चढवा. पाइपाला भरून यायला वेळ लागतो. घाई केली तर आवाज सर्वांत मोठा होतो ते शिखर बुटकं आणि पुढे सरकलेलं दिसतं.