मनानं चालणारा पट्टा घेण्याआधी

भाच्यानं डोक्याला बांधायचा सेकंडहँड ईईजी पट्टा (मेंदूतली बारीकशी वीज टिपणारा) आणला, दोन दिवस बघायला. "मावशी, मनानं पंखा लावतो बघ." मी बावीस वर्षं पेशंटचे ईईजी काढतेय. म्हटलं, पैसे द्यायच्या आधी तो जरा माझ्याकडे दे. तुम्हीही असा पट्टा घेणार असाल तर एवढं करून बघा.

आदल्या रात्री शाम्पूनं केस धुवा, तेल अजिबात नको. (सांगून सांगून माझा घसा बसतो, तरी एखादी आजी चंपी करून येतेच.) कपाळ आणि कानामागची जागा ओल्या फडक्यानं पुसा. मेंदूचा सिग्नल कातडीपर्यंत येईतो जेमतेम 10 ते 100 मायक्रोव्होल्ट उरतो. पकड नीट नसली की त्याऐवजी घरातल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुणच दिसते. म्हणून चार्जरही काढून ठेवा.

ॲपमध्ये मूळ लाटा दिसायला हव्यात. नुसतंच 'एकाग्रता 72 टक्के' येत असेल तर पट्टा परत करा.

आता पापण्या मिटमिटा: मोठे उंचवटे येतील. दात आवळा: लाट गिचमिड होईल. हे डोळे नि जबड्याचं काम, मेंदूचं नव्हे. भाच्याचा पंखा नेमका दात आवळण्यावर चालत होता!

मग डोळे मिटून अर्धा मिनिट शांत बसा. कानामागच्या इलेक्ट्रोडवर (सिग्नल टिपणाऱ्या टिकलीवर) सेकंदाला 8 ते 13 लाटांची रांग उठायला हवी आणि डोळे उघडताच विरायला हवी. हान्स बर्गरनं 1929 साली जगासमोर मांडलेली अल्फा लय ती हीच. काहींची मुळातच फिकी असते, म्हणून घरातल्या दोघातिघांवर बघा. शेवटी पट्टा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या कोबीला बांधा. आमच्या गड्ड्याची एकाग्रता 41 टक्के आली.

मनानं टायपिंग करायची आशा मात्र सोडा. 1988 मध्ये फारवेल आणि डॉन्चिन या संशोधकांनी, हवं ते अक्षर चमकलं की मेंदूत उठणाऱ्या पी300 लहरीवर अक्षरं लिहून दाखवली, ती मिनिटाला 2.3. कवटीच्या आत गेलं की वेग वाढतो. न्यूरालिंक या कंपनीनं जानेवारी 2024 मध्ये पहिल्या माणसाच्या मेंदूत बसवलेल्या यंत्राला बारीक धाग्यांवर 1,024 इलेक्ट्रोड आहेत, आणि खांद्याखाली हालचाल गेलेला तो माणूस मनानं कर्सर फिरवतो. पण काही आठवड्यांतच त्यातले बरेच धागे मेंदूतून मागे सरकले होते. हात चालत नसतील त्याला हा धोका पत्करावासा वाटेल, रील बघणाऱ्याला कशाला?

भाच्यानं पट्टा ठेवून घेतलाय. डोळे मिटले की दिवा मंद होतो, एवढं आता खरोखर अल्फावर चालतं. दोनेक सेकंद उशिरा.