या चुका टाळा: पाणी उकळलंत, पण पुढे?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात नांदेड गाव, किरकटवाडीकडे जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते आणि हातपाय लुळे पडू शकतात असा आजार) रुग्ण सापडायला लागले, संशय पाण्यावर आला आणि सिंहगड रस्त्यावर घरोघरी पाणी उकळायला लागलं. आमच्याकडेही. आठवड्याने लक्षात आलं, उकळलेलं पाणी आम्ही ओट्यावरच्या कळकट फडक्यातून गाळून माठात ओततोय, आणि येणारा-जाणारा त्यात पेला बुडवतोय, बोटांसकट! गॅस जाळला तो फुकट.

तेव्हा आधी गाळा, मग उकळा. खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर तरी तशीच राहू द्या. झाकूनच गार करा आणि ओगराळ्याने किंवा तोटीने घ्या. तुरटीच्या भरवशावर राहू नका. तिने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. क्लोरीनचे थेंब टाकलेत तर प्यायच्या आधी अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर क्लोरीनही नीट काम करत नाही. टँकरचं पाणी घेणाऱ्या सोसायट्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. आमच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दीड तास वाजलं, पण टाकी शेवटची कधी धुतली हे एकालाही सांगता येईना.

त्या साथीत काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला होता. तो कच्च्या चिकनवरही असू शकतो, आणि आपण ते धो-धो नळाखाली धरतो. शिंतोडे उडतात ते शेजारी चिरून ठेवलेल्या काकडीवर. खरं तर चिकन धुवायची गरजच नसते, नीट शिजलं की जंतू मरतात. पण हे घरी बोलून बघा! आईने नुसतं ‘शी!’ म्हटलं. शेवटी तडजोड झाली: पातेल्यात पाणी घेऊन अलगद धुवायचं, मग सिंक, सुरी आणि हात साबणाने. कोशिंबीर त्याआधीच करून झाकायची.

डासांच्या बाबतीत चूक वेळेची होते. रात्री मच्छरदाणी लावतो, पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. दुसरं म्हणजे कुंडीखालची ताटली नुसती उपडी करून भागत नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात, पाणी मिळालं की त्यातून अळ्या निघतात. आठवड्यातून एकदा घासणीने खरवडा. फ्रिजमागचा ट्रेसुद्धा. आमच्याकडे तो आहे हेच आम्हाला तीन वर्षं माहीत नव्हतं.

बाकी, मळलेल्या हातांवर सॅनिटायझर चोळून उपयोग नाही, साबणाने वीस सेकंद धुवा. गेल्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या सर्दीला घेऊ नका. विषाणूवर त्या चालतच नाहीत.

आणि जुलाब किंवा ताप होऊन गेल्यावर काही दिवसांनी पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना पाय लटपटायला लागले, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घरी थांबू नका, ती जीबीएसची सुरुवात असू शकते. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.