पूर-अभ्यासासाठी रानात माणसं आली तर

२००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-करवीरच्या शेतकऱ्यांनी सोसले. म्हणून पंचगंगेच्या पाणलोटाचा अभ्यास करायला कुणी आलं, तर त्यांना रानात जरूर येऊ द्या. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीला गेलं की आपल्या बांधावर किती चढतं, ते इथं उभं राहूनच कळतं.

फक्त परवानगी तोंडी नको. पत्र आणि ओळखपत्र बघा. मग गट क्रमांक, तारखा आणि नेमकं काम कागदावर घ्या: नुसती मोजणी, मातीचे नमुने, की कायमचा खांब रोवणार? खांबाची जागा तुम्ही दाखवा, नांगराच्या वाटेत नको. उसाचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, तेही त्यातच लिहा. ‘संपादन’ किंवा ‘हस्तांतरण’ हा शब्द दिसला, तर सहीआधी वकिलाला दाखवा. सातबारावर भावा-बहिणींची नावं असतील तर त्यांनाही विचारा.

आणि गोठ्याच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण अजून असेल, तर ती आवर्जून दाखवा. अभ्यासाला तिच्याइतका भरवशाचा पुरावा क्वचितच मिळतो. रंग द्यायच्या आधी तिथं एक खिळा ठोकून ठेवा.