एएलजे पदासाठी अर्ज करताय? रेझ्युमेआधी सनद बघा

अमेरिकेच्या केंद्र सरकारी खात्यांत प्रशासकीय न्यायाधीश, म्हणजे एएलजे, होण्यासाठी अर्ज करणार असाल तर आधी आपल्या राज्याच्या वकील-नोंदणीत स्वतःचं नाव शोधा आणि नावासमोर काय लिहिलंय ते वाचा. ‘अ‍ॅक्टिव्ह’ असेल तर पुढे चला. ‘इनअ‍ॅक्टिव्ह’, ‘रिटायर्ड’ किंवा शुल्क थकल्याचा शेरा असेल तर बाकीची यादी आज वाचू नका, आधी सनद चालू करून घ्या. सरकारी खात्यात किंवा कंपनीत वर्षानुवर्षं नोकरी करणाऱ्यांचं घोडं नेमकं इथेच अडतं. कोर्टात उभं राहायचं नसतं, वर्गणी वाचवायला सनद निष्क्रिय केलेली असते आणि मग ते डोक्यातूनही जातं.

या एका कागदाचा एवढा धोशा का, ते ऐका. 10 जुलै 2018 च्या अध्यक्षीय आदेश क्रमांक 13843 ने ही पदं जुन्या स्पर्धात्मक भरतीतून काढून ‘शेड्यूल ई’ या त्या भरतीबाहेरच्या पदांच्या गटात घातली. त्यात सगळ्या खात्यांना लागू असलेली पात्रतेची मुख्य अट ठेवली ती वकिलीच्या सनदेची. ती निवडीच्या वेळी हवी, आणि पुढे नवी नेमणूक झाली तर तेव्हाही हवी. अर्जाच्या दिवशी सनद चालू होती, एवढ्याने भागत नाही. अर्ज आणि निवड यांच्यात महिने जातात आणि मधेच नूतनीकरणाची तारीख येते. न्यूयॉर्कची नोंदणी दर दोन वर्षांनी, वाढदिवसाच्या सुमारास, शुल्क 375 डॉलर. कॅलिफोर्नियात दरवर्षी. सक्तीच्या शिक्षणाचे तास अपुरे राहिले तरी सनद अडकते, आणि ते तास एका रात्रीत भरत नाहीत.

‘गुड स्टँडिंग’चं, म्हणजे वकील म्हणून तुमची नोंद स्वच्छ असल्याचं, प्रमाणपत्रही आत्ताच मागवा. न्यूयॉर्कमध्ये ते ज्या विभागातून सनद मिळाली त्या अपेलेट डिव्हिजनकडून, म्हणजे राज्याच्या अपील न्यायालयाकडून, येतं. जुनं प्रमाणपत्र फायलीत सापडलं म्हणून तेच जोडू नका. काही राज्यांत ‘गुड स्टँडिंग’ म्हणजेच चालू सनद धरतात, तिथे तेवढं पुरतं. न्यायाधीशपदावर असताना ‘अ‍ॅक्टिव्ह’ राहायला ज्या राज्यांत बंदी आहे तिथल्यांना ‘ज्युडिशियल’ दर्जा चालतो. तुम्ही कुठल्या गटात बसता ते राज्याच्या नियमात वाचा, मित्राला विचारून ठरवू नका. पुण्या-मुंबईत एलएल.बी. करून, इथे एलएल.एम. आणि मग बारची परीक्षा दिलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद या अटीत धरली जात नाही. ती रेझ्युमेत एका ओळीत लिहा आणि अटीच्या रकान्यात अमेरिकेतलीच सनद दाखवा. एकाहून जास्त राज्यांत नोंदणी असेल तर सगळी राज्यं सांगा, बंद पडलेलीसुद्धा.

जुनी परीक्षा शोधत बसू नका. पूर्वी ओपीएम, म्हणजे केंद्राचं मनुष्यबळ कार्यालय, लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन यादी बनवायचं आणि खात्यांना त्या यादीतल्या वरच्या तिघांतून निवड करावी लागायची. आता प्रत्येक खातं आपापली जाहिरात काढतं आणि आपापल्या अटी घालतं. जुन्या पद्धतीतली सात वर्षांच्या अनुभवाची अट सरसकट राहिली नाही, पण खातं स्वतःची तशी अट घालू शकतं. म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. सर्वाधिक एएलजे सोशल सिक्युरिटीकडे, म्हणजे निवृत्ती आणि अपंगत्वाचे भत्ते देणाऱ्या खात्याकडे, आहेत. कामगार खातं, एनएलआरबी (कामगार-मालक संबंधांचं मंडळ), ऊर्जा नियामक आयोग यांच्याकडे पदं थोडी असतात आणि तिथे त्या-त्या विषयातला अनुभव बघतात. एकाच्या अर्जाची नक्कल दुसरीकडे टाकली तर ते लगेच दिसतं. काही जाहिराती अर्जांची ठरावीक संख्या पुरी झाली की बंद होतात, तेव्हा शेवटच्या तारखेवर विसंबू नका.

नागरिकत्व, सिलेक्टिव्ह सर्व्हिस (लष्करभरतीसाठीची नोंदणी), माजी सैनिक असाल तर डीडी-214 हा सेवामुक्तीचा दाखला: हे जाहिरातीत लिहिलेलंच असतं.

रेझ्युमेत ‘सुनावणीचा भरपूर अनुभव’ असं लिहून काही हाती लागत नाही. किती सुनावण्या, कुठल्या कायद्याखाली, तुमची भूमिका काय, साक्षीदारांची उलटतपासणी तुम्ही घेतली की शेजारी बसून टिपणं काढली, निकालाचा मसुदा कोणी लिहिला, हे सगळं महिना-वर्षासकट हवं. पानांची मर्यादा दोनवर आली आहे, त्यामुळे परिषदा आणि भाषणं काढून टाका. लेखनाचा नमुना म्हणून वादीची बाजू मांडणारं टिपण देण्यापेक्षा दोन्ही बाजूंचा पुरावा तोलणारं लिखाण द्या. त्यातली नावं, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी क्रमांक पुसा. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालची अक्षरं निवडून कॉपी करता येतात, हे पाठवण्याआधी स्वतः करून बघा. न्यायाधीश होऊ पाहणाऱ्याच्या कागदातून पक्षकाराची माहिती फुटणं ही लहान चूक नाही.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारले जाण्याची शक्यता धरा. सोशल सिक्युरिटीसाठी अपंगत्व ठरवण्याच्या पाच पायऱ्या न अडखळता सांगता आल्या पाहिजेत. तिथल्या सुनावणीत बहुधा सरकारी वकील समोर नसतो, त्यामुळे पुरावा पुरा करून घेण्याची जबाबदारी न्यायाधीशावरही येते. आयुष्य खटले लढण्यात गेलेल्यांना हे जड जातं. स्वातंत्र्याचा प्रश्न हमखास येतो. खात्याचे नियम आणि जाहीर धोरण एएलजेवर बंधनकारक असतं, पण एखाद्या प्रकरणाचा तपास करणारा किंवा ते लढवणारा अधिकारी त्याचा वरिष्ठ असू शकत नाही. या दोन्ही गोष्टी सांगा, एकच सांगितली तर उत्तर अर्धं राहतं.

निवडीचं पत्र आलं की पुन्हा नोंदणीत जा आणि सनदेचा दर्जा बघा. हो, पुन्हा.

मग नेमणुकीच्या आदेशावर सही कोणाची ते बघा. 2018 च्या ल्युसिया निकालात सर्वोच्च न्यायालयाने एसईसीचे, म्हणजे शेअरबाजार नियामकाचे, एएलजे घटनेच्या अर्थाने ‘अधिकारी’ ठरवले. अशा अधिकाऱ्याला खात्याचा प्रमुख नेमतो, कर्मचारी विभाग नव्हे. तिथे नेमणूक चुकली म्हणून ती सुनावणी दुसऱ्या न्यायाधीशापुढे नव्याने घ्यायचा आदेश झाला. सही झालेल्या आदेशाची प्रत हातात येईपर्यंत सुनावणीला बसू नका.

पक्की नोकरी सोडण्याआधी हेही माहीत असू द्या. एएलजेला काढायचं तर एमएसपीबीपुढे, म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्यांची अपिलं ऐकणाऱ्या मंडळापुढे, सबळ कारण सिद्ध करावं लागतं, असं कायदा म्हणतो. पण एकावर एक थर असलेलं हे संरक्षण घटनाबाह्य आहे आणि आपण त्याचा बचाव करणार नाही, असं न्याय खात्याने फेब्रुवारी 2025 मध्ये कळवलं आहे.

बाकी भराभर. पगार एएल-3 या एएलजेंच्या वेतनश्रेणीच्या सर्वात खालच्या, ए टप्प्यापासून धरा, ए ते डी दर 52 आठवड्यांनी चढतो, पुढे एफपर्यंत दर 104 आठवड्यांनी. रुजू झाल्यापासून 30 दिवसांत 278ई हे मालमत्तेचं विवरण; पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट, तिकडच्या ठेवी, जोडीदाराचं उत्पन्नही त्यात येतं. परदेशी खात्यांत वर्षभरात कधीही मिळून 10,000 डॉलरच्या वर रक्कम गेली असेल तर एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरलेला असावा, पार्श्वभूमी तपासणीत करांचा विषय निघतो. आरोग्य विम्याची निवड 60 दिवसांत.